नालासोपाऱ्यातला गाळा आणि अंदाजाची दोन टोके

एप्रिल २०१८ मध्ये हवामान विभागाने देशातल्या मोसमी पावसाचा अंदाज दिला : दीर्घकालीन सरासरीच्या ९७ टक्के, त्यात पाच टक्के कमी-जास्त. म्हणजे ९२ पासून १०२ पर्यंत काहीही. अशा अंदाजातला मधला आकडा तेवढा लोकांच्या तोंडी राहतो आणि दोन्ही टोके विसरली जातात. प्रत्यक्षात देशात पाऊस पडला ९१ टक्के, म्हणजे खालच्या टोकाच्याही खाली. आणि त्याच तुटीच्या वर्षी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, वसई-विरार पाण्यात होते. १० जुलैला वसई-विरार दरम्यानची रेल्वे बंद पडली, मिठागरांवर शेकडो माणसे अडकली, नालासोपाऱ्यात तळमजल्यांत पाणी शिरले. देशाचा आकडा तंतोतंत खरा ठरला असता, तरी नालासोपाऱ्यातल्या गाळेवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला पडलेला प्रश्न एवढाच असतो : माल लादीवर ठेवायचा की वर चढवायचा?

हा प्रश्न गणिताने सोडवता येतो, मात्र एका आकड्याने नाही. समजा, एखाद्या गल्लीत गेल्या ३० वर्षांपैकी तीन वर्षांत पाणी दुकानात शिरले. कुणीही पटकन म्हणेल, वर्षाला दहा टक्के शक्यता. पण तीनच घटनांवरून काढलेला हा दहाचा आकडा फार पोकळ आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल काढला, तर खरी शक्यता साधारण दोन टक्क्यांपासून साडेसव्वीस टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. आता लादीवर चार लाखांचा माल आहे आणि पाणी आले की तो सगळा जातो, असे धरू. शक्यता गुणिले नुकसान म्हणजे अपेक्षित तोटा. तो वर्षाला आठ हजारांपासून एक लाख सहा हजारांपर्यंत येतो. एवढ्या रुंद उत्तराचे करायचे काय, असे कुणी वैतागून विचारील. पण २५ हजारांचे लोखंडी रॅक दहा वर्षे टिकत असतील, तर त्यांचा खर्च वर्षाला अडीच हजार पडतो. चार लाखांच्या मालासाठी हा खर्च वसूल व्हायला पाणी शिरण्याची शक्यता ०.६ टक्क्यांच्या जरा वर असली की पुरे. आपल्या अंतरालाचे खालचे टोकच दोन टक्के आहे. अंदाज कितीही ढिला असो, निर्णय पक्का आहे. याउलट, गाळ्याचे जोते उंच करायला तीन लाख लागणार असतील आणि तेही दहा वर्षांत वसूल करायचे असतील, तर वर्षाला ३० हजार पडतात आणि शक्यता साडेसात टक्के तरी हवी. हा आकडा अंतरालाच्या मध्येच पडतो. इथे मात्र घाई नको. शेजारच्या जुन्या भिंतींवर पाण्याच्या खुणा किती उंचीवर आहेत, नाला कुठे तुंबतो, भरतीच्या वेळी पाणी किती तास उतरत नाही, याची माहिती काढण्यावर चार पैसे खर्च करणे शहाणपणाचे. अंतराल रुंद की अरुंद, याला स्वतंत्रपणे फारसा अर्थ नाही. ना नफा-ना तोट्याचा आकडा त्याच्या आत पडतो की बाहेर, हे पाहायचे असते.

अंतरालाची ही रीत पोलिश गणिती येर्झी नेमन यांनी १९३० च्या दशकात लंडनमध्ये बांधली. त्यांचे तेव्हाचे एक विद्यार्थी सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुढे भारतात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना-कापणीवरून काढण्याच्या कामाला त्यांनी शास्त्रीय बैठक दिली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. नमुना वाढवला की अंतराल अरुंद होतो. मोजण्याची रीतच वाकडी असेल तर ती चूक त्याने जात नाही.

वसईच्या बाबतीत नेमका हाच आक्षेप घेता येतो. गेली ३० वर्षे आणि येणारी दहा वर्षे सारखी असतील, या अटीवर तो ९५ टक्क्यांचा विश्वास उभा आहे. इथे बावखले, म्हणजे जुनी तळी, बुजली, पाणथळ जागांवर भराव पडले, पाणी मुरायला आणि पसरायला जागा उरली नाही. हरित वसईची चळवळ फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या काळापासून हेच सांगत आली. आक्षेप खराच आहे, पण म्हणून गणित गुंडाळून ठेवायचे कारण नाही. बदल किती झाला हे कळत नसले तरी कोणत्या दिशेने झाला हे दिसते, आणि ती दिशा शक्यता वाढवणारी आहे. रॅकचा निर्णय त्याने आणखी घट्ट होतो, जोत्याचा होकाराकडे झुकतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. अपेक्षित तोटा ही सरासरी असते आणि सरासरी पुष्कळ वेळा खेळणाऱ्याच्या कामाची. विमा कंपनीकडे हजारो दुकाने असतात, म्हणून तिचे वर्ष सरासरीच्या आसपास जाते. उधारीवर माल भरणाऱ्या गाळेवाल्याचे दुकान एकच. एका रात्रीत चार लाख गेले तर पुढची कोरडी वर्षे पाहायला तो धंद्यात उरेलच असे नाही. त्याच्यासाठी अपेक्षित तोट्यापेक्षा थोडा जास्त हप्ता भरणे हा मूर्खपणा नव्हे. तो जादा पैसा बुडण्याची भीती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याचा आहे. मात्र क्रम आधी रॅकचा, मग विम्याचा. माल वर चढवल्यावर उरते ते रॅकच्याही वर येणाऱ्या पाण्याचे नुकसान, आणि हप्त्याची घासाघीस त्याच नुकसानावर व्हायला हवी.