जबडा आधी पडद्यावर

मुलांच्या दातांच्या तारा आपल्या घरांत नव्या नाहीत. पण जबड्याचे हाडच फार पुढे वाढले असेल, तर नुसत्या तारांनी भागत नाही. वाढ संपल्यावर हाड कापून सरकवावे लागते. सिंगापुरात १९९७ साली सुरू झालेल्या नॅशनल डेंटल सेंटरमध्येही ही शस्त्रक्रिया होते.

पूर्वी सर्जन दातांचे प्लॅस्टरचे नमुने कापून बेत आखत. आता सीटी स्कॅनवरून संगणकात कवटी उभी राहते. हाड किती मिलिमीटर सरकवायचे, ओठाची नस कुठून जाते, सारे पडद्यावर दिसते. ठरलेल्या जुळणीची पट्टी छापून ऑपरेशनच्या वेळी दातांमध्ये बसवतात.

तरी ओठ बधिर होण्याचा धोका पुरता टळत नाही. पडद्यावरचा देखणा चेहरा पाहून आपण हुरळतो. तेव्हा हे डॉक्टरांना विचारायचे राहू नये. आणि हो, ज्याचा चेहरा, त्याचाच होकार हवा!