पोर्टस्नॅप

पोर्टस्नॅप हे फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत संचालन प्रणालीतील एक अद्ययावतीकरण साधन होते. कॉलिन पर्सिव्हल यांनी ते लिहिले. २००५ साली फ्रीबीएसडी ६.० पासून ते मूळ प्रणालीचा भाग झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४.० या आवृत्तीतून वगळण्यात आले. त्याचे काम आता गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीकडे सोपवण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

फ्रीबीएसडीवर बाहेरची सॉफ्टवेअरे बसवण्यासाठी 'पोर्ट्स' नावाची व्यवस्था १९९० च्या दशकापासून आहे. पोर्ट म्हणजे शिधा नव्हे, पाककृती होय. मूळ संहिता कोठून उतरवून घ्यावी, ती अस्सल आहे हे कसे पडताळावे, तिच्यात कोणते फेरफार करावेत आणि ती कशी बांधावी, एवढाच मजकूर त्यात असतो. अशा तीस हजारांहून अधिक कृतींच्या संग्रहाला 'पोर्ट्स वृक्ष' म्हणतात. त्यात रोज बदल होतात. म्हणून वापरकर्त्याच्या संगणकावरील प्रत ताजी ठेवण्यासाठी वेगळे साधन लागते.

आरंभी हे काम सीव्हीएसअप करीत असे. जॉन पोल्स्ट्रा यांनी ते मॉड्युला-३ या फारशा प्रचलित नसलेल्या भाषेत लिहिले होते. पुढे सी भाषेत 'सीसप' हा त्याचा नवा अवतार आला. दोन्ही वेगवान होती, परंतु समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया, आणि आलेला मजकूर वाटेत कोणी बदलला आहे काय, हे तपासण्याची सोय त्यांत नव्हती. पोर्टस्नॅपचा जन्म मुख्यतः ही उणीव दूर करण्यासाठी झाला.

कार्यपद्धती

पोर्टस्नॅपचा सर्व्हर ठरावीक काळाने संपूर्ण वृक्षाचे एक 'क्षणचित्र' तयार करी व त्यावर सांकेतिक स्वाक्षरी करी. वापरकर्ता पहिल्या वेळी हे चित्र पूर्ण घेई. त्यानंतर फक्त फरक येत. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर नक्षीतील एखादे फूल बदलायचे असेल, तर पत्त्यांची सगळी माळ नव्याने भोके पाडून करावी लागत नाही. तेवढेच पत्ते बदलतात. हे तत्त्व तसेच आहे. साध्या वेब-वाहतुकीतून सर्व काही होत असल्याने संस्थांच्या बंदिस्त जाळ्यांतूनही ते चाले.

मात्र पोर्टस्नॅपला फक्त आज ठाऊक होता, काल नव्हता. एखादी कृती मागील आठवड्यात नीट चालत होती आणि आज मोडली, तर मागे जाण्याचा मार्ग त्यात नव्हता. वापरकर्त्याने एखाद्या पोर्टमध्ये स्वतः केलेली दुरुस्ती पुढील अद्ययावतीकरणात पुसली जाई. शिवाय २०१४ पासून पोर्ट्सच्या त्रैमासिक शाखा निघू लागल्या; पोर्टस्नॅप मात्र मुख्य शाखेपुरतेच राहिले.

आवृत्ती नियंत्रणाचा प्रश्न

कोणी, केव्हा व काय बदलले याची अखंड नोंद म्हणजे आवृत्ती नियंत्रण. या विश्वकोशातील प्रत्येक लेखाचे 'इतिहास' हे पान त्याचाच एक प्रकार आहे. अशी नोंद नसली की काय होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको: महाभारताच्या हस्तलिखितांतील पाठभेद जुळवून चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे काम १९१९ ते १९६६ पर्यंत चालले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये या नोंदीचे मोल प्रत्यक्ष दिसले. एका विकसकाची गुप्त किल्ली चोरीस गेल्याने फ्रीबीएसडीच्या दोन संगणकांत घुसखोरी झाली होती. प्रकल्पाने ती जाहीर करताना सांगितले, की पोर्टस्नॅपचे तत्कालीन क्षणचित्र सबव्हर्जन भांडाराशी ताडून पाहिले असून ते विश्वसनीय आहे. सीव्हीएसअपच्या आरशांतून घेतलेल्या प्रतींबद्दल तशी हमी देता आली नाही. फेब्रुवारी २०१३ अखेर पोर्ट्ससाठी सीव्हीएसचा पुरवठा थांबवण्यात आला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पोर्टस्नॅपच्या खरेपणाची अंतिम साक्ष शेवटी भांडारानेच दिली.

निवृत्ती

२०१२ च्या जुलैत सबव्हर्जनमध्ये गेलेले पोर्ट्सचे भांडार एप्रिल २०२१ मध्ये गिटमध्ये आले. गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या गाभ्यासाठी रचली. तिच्यातील प्रत्येक नोंदीला तिच्या आशयावरून काढलेली ओळखखूण असते आणि त्या आशयात आधीच्या नोंदीची खूणही गुंफलेली असते. त्यामुळे जुना मजकूर गुपचूप बदलल्यास पुढची सारी साखळी बेमेळ होते. हे भांडार सर्वांना थेट उपलब्ध असताना त्याचीच क्षणचित्रे काढणारी दुसरी यंत्रणा सांभाळणे हे अनावश्यक ओझे ठरले.

तरीही हा बदल सर्वस्वी लाभाचा म्हणता येणार नाही. पोर्टस्नॅप प्रणालीसोबतच येई. गिट वेगळे बसवावे लागते. संपूर्ण इतिहासासह भांडार उतरवून घेणे हे मंद जोडणी आणि तोकडी डिस्क असणाऱ्याला जड जाते. इतिहास वगळून केवळ ताजी नोंद आणणारी उथळ प्रत घेता येते, पण मग मागे जाण्याची सोयही हातची जाते. 'गिटअप' हे छोटे साधन अशांसाठी उपयोगी आहे. ज्यांना सॉफ्टवेअर स्वतः बांधायचे नाही, त्यांना पोर्ट्स वृक्षाची गरजच नसते. तयार पॅकेजे देणारे 'पीकेजी' त्यांना पुरते.

पोर्टस्नॅपने भरलेल्या निर्देशिकेत गिटची प्रत थेट उतरत नाही, कारण गिटला रिकामी जागा लागते. म्हणून जुना वृक्ष, तसेच पोर्टस्नॅपचा स्वतःचा साठा, आधी काढून टाकावा लागतो. त्यात स्वतः केलेल्या दुरुस्त्या असल्यास त्या त्यापूर्वी बाजूला जपून ठेवाव्यात. नवी प्रत घेताना, संगणकावरील तयार पॅकेजे त्रैमासिक शाखेची असतील तर वृक्षही त्याच शाखेचा निवडावा.