कुलाबा किल्ला: चालत जायचे की होडीने? उत्तर कॅलेंडरवरच्या तिथीत

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की कुलाबा किल्ला समोरच दिसतो. इतका जवळ, की निघालो आणि पोहोचलो असे वाटावे. चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास गेलात तर चपला हातात घेऊन, ओल्या वाळूतून खरोखरच चालत जाता येते. पौर्णिमेला दुपारी बारा वाजता त्याच जागी होड्या चालू असतात आणि वाळूचा मागमूसही नसतो.

हा फरक सगळ्यांना माहीत असतो. गडबड होते ती परतताना. जाताना पाणी घोट्याला होते म्हणून निर्धास्त झालेले पर्यटक किल्ल्यावर फोटो काढत रमतात आणि खाली उतरतात तेव्हा वाट गेलेली असते. असे अडकलेल्यांच्या बातम्या अधूनमधून येतात. बहुतेक वेळा चूक एकच: 'आत्ता ओहोटी आहे' एवढेच विचारले, 'भरती कधी लागणार' हे विचारलेच नाही.

तिथीची पाऊणपट

कोकणात यासाठी जुना हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी: सकाळी नऊ-सव्वानऊ. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी बाराच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

हे जमते कसे? भरती-ओहोटी प्रामुख्याने चंद्राच्या ओढीमुळे होते आणि चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा त्याच जागी येतो. त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट म्हणजे दिवसाला ४५ मिनिटे. जवळपास तेच. मात्र या 'जवळपास'मध्ये अर्धा-पाऊण तासाची चूक सहज बसते, शिवाय तिथी मध्यरात्री बदलत नाही. त्यामुळे पाऊणपट ही सहलीचा दिवस ठरवण्यासाठी. घड्याळ लावण्यासाठी नव्हे. नेमक्या वेळेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टके किंवा हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेची माहिती पाहावी. आणि किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला विचारावेच. त्याचे रोजचे पोट या हिशेबावर चालते.

ओहोटी आहे, तरी पाणी गुडघ्यापर्यंत का?

कारण प्रत्येक ओहोटी सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. ते उधाण. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात असतात, ओढ एकमेकांची ताकद कमी करते. तो भांग. भांगाला समुद्र धड पुढे येत नाही, धड मागेही जात नाही. म्हणून पूर्ण ओहोटी असूनही किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकते. अशा वेळी घोडागाडीवाले हमखास गाठतात आणि लहान मुले सोबत असतील तर तो सौदा वाईट नाही.

इथेच खरी गंमत आहे. समुद्र सर्वांत लांब जातो ते दिवस अमावास्या-पौर्णिमेचे आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांचे. पण तेव्हा ओहोटी साधारण सहा-साडेसहा-सातला, सकाळी आणि संध्याकाळी. मुंबईहून सकाळी निघून दुपारी पोहोचणाऱ्याला मिळते ती ऐन भरती. उलट दुपारी बाराची सोयीची ओहोटी येते ती अष्टमीला, म्हणजे भांगाच्या दिवसांत. दोन्ही गोष्टी हव्यात तर तृतीया ते पंचमी हे दिवस बरे. ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान आणि पाणीही बऱ्यापैकी मागे गेलेले. अट एकच, आदल्या रात्री अलिबागला मुक्काम हवा. एका दिवसातच उरकायचे असेल तर षष्ठी-सप्तमी पाहा. ओहोटी साडेदहा-साडेअकराला मिळते, पाय थोडे जास्त भिजतील इतकेच.

किल्ल्यात गणपतीचे मंदिर आहे आणि संकष्टी असो वा विनायकी, चतुर्थीची ओहोटी सकाळी नऊच्या आगेमागे येते. भाविकांची आणि समुद्राची वेळ आपोआप जुळलेली.

पाणी एकसारखे चढत नाही

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. ओहोटी ते भरती सहा तास लागतात, म्हणजे दर तासाला सारखेच पाणी वाढेल, असा समज असतो. तसे होत नाही. दर्यावर्दी लोक एकूण चढाचे बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक.

समजा, त्या दिवशी ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत ३.६ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी ३० सेंटीमीटर वाढेल. काही विशेष वाटणार नाही. दुसऱ्यात ६०. तिसऱ्यात ९०, म्हणजे दहा मिनिटांत १५ सेंटीमीटर. त्यातच पुळणीचा उतार एकसारखा नसतो. मधले सखल पट्टे आधी भरतात. पायाखालची वाळू कोरडी असताना पुढची वाट कंबरभर पाण्यात गेलेली असू शकते.

यावरून वेळापत्रक सरळ आहे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किनारा सोडायचा, ओहोटीनंतर तासाच्या आत परतीच्या वाळूवर पाऊल ठेवायचे. चुकलेच, तर पाण्यात उतरायचे नाही. किल्ल्यातच थांबायचे आणि होडी बोलवायची. होडीचे पैसे जातील, एवढेच.

संध्याकाळच्या ओहोटीचा मोह टाळावा. त्रयोदशीला ती चारच्या सुमारास असते. सूर्यास्त पाहून निघू म्हणणारे अंधार आणि वाढते पाणी दोन्हींत सापडतात.

तासाभरात काय पाहाल?

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधकाम सुरू केले, संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे बनले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि हात हलवत परत गेले. गणपतीचे मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. तटबंदी जवळून पाहा. मोठाले दगड चुना न भरता एकमेकांवर रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मार विरून जातो. समुद्राने वेढलेल्या या जागेत गोड्या पाण्याची सोयही आहे. चाकांच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफांपाशी बहुतेकांचा वेळ जातो, घड्याळ विसरण्याची जागा तीच.

मुंबईहून कसे जायचे?

गेटवेवरून मांडव्याला लाँच, पुढे सुमारे २० किलोमीटर रस्ता. काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि किल्ल्याची वाटही तेव्हा सोडूनच द्यावी. कोष्टकातले आकडे फक्त सूर्य-चंद्राचे असतात. वारा आणि कमी दाबाचा पट्टा पाणी आणखी वर ढकलतात, ते त्या आकड्यांत दिसत नाही.