विश्लेषण : इलेक्ट्रिक गिटारचा ‘ब्रिज पिकअप’ बदलायचा? खरेदीआधी काय तपासाल?

गणपतीच्या सुट्टीत मालवण तालुक्यातील कट्ट्याच्या घरी गेलो होतो. पडवीत मामेभाऊ इलेक्ट्रिक गिटार वाजवत बसला होता. नेककडच्या आणि मधल्या पिकअपचा आवाज ठीक होता. स्विच ब्रिजच्या बाजूला नेला, की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज यायचा. वर्षभर साठवलेल्या पैशांतून तो नवा ब्रिज पिकअप मागवणार होता. नामांकित परदेशी पिकअपची किंमत सुरुवातीच्या अख्ख्या गिटारच्या जवळपास जाते. शिवाय वायर कापून सोल्डर केलेला पिकअप दुकानदार सहसा परत घेत नाहीत. त्यामुळे ‘ऑर्डर’चे बटण दाबण्याआधी काय पाहावे, हे समजून घेणे गरजेचे.

पिकअप काम कसा करतो?

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. विहिरीच्या पंपाची मोटर ‘वाइंडिंग’ला दिलेली सगळ्यांनी पाहिली असेल. इथेही तेच वाइंडिंग, पण तार केसाइतकी बारीक आणि वेढे काही हजार. गिटारची पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली, की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेले हेच तत्त्व आहे. नायलॉनच्या तारांवर पिकअप चालत नाही, तो याचमुळे.

ब्रिजचा पिकअपच कर्कश का वाटतो?

ब्रिजजवळ तार घट्ट बांधलेली असते. तिथे तिची हालचाल कमी असते आणि उच्च स्वरकंपने तुलनेने जास्त मिळतात. म्हणून आवाज टोकदार, पण बारीक येतो. हे भरून काढण्यासाठी ब्रिज पिकअपला बहुधा नेकपेक्षा जास्त वेढे देतात. नेकसाठीचा पिकअप ब्रिजला बसवला, तर आवाज फिका पडू शकतो. खरेदी करताना पाकिटावर ‘ब्रिज’ लिहिले आहे ना, हे पहिले पाहावे.

पिकअप न बदलता दोष जाऊ शकतो का?

अनेकदा जातो. तीन गोष्टी क्रमाने तपासा.

पहिली, तारा. किनाऱ्यावरच्या खारट, दमट हवेत त्या लवकर गंजतात आणि गंजलेल्या तारेचा आवाज कोणताही पिकअप सुधारत नाही. स्विच फिरवताना किंवा जॅक हलवताना खरखर होत असेल, तर दोष बहुतेक वेळा संपर्कांवरच्या गंजाचा असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

दुसरी, पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तार ते पिकअप अंतर मोजा. सिंगल कॉइलसाठी जाड तारेखाली सुमारे 2 मिमी आणि पातळ तारेखाली सुमारे 1.6 मिमी, ही सुरुवात योग्य. तिथून अर्धा-अर्धा फेरा स्क्रू फिरवून ऐका. पिकअप खाली गेला, की आवाज मवाळ होतो. फार वर आणला, तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो.

तिसरी, टोनची वायर. 1954 मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ रचनेत दोन टोन नॉब आहेत, पण ते नेक आणि मधल्या पिकअपचे. ब्रिजला टोनच जोडलेला नव्हता. त्या धर्तीच्या अनेक गिटारमध्ये आजही तसेच असते. ब्रिज लावून दोन्ही टोन नॉब शून्यावर आणा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोष सापडला. मामेभावाच्या गिटारमध्ये हेच होते. स्विचवर एक छोटी वायर जोडून दुसरा टोन नॉब ब्रिजलाही लावला आणि तो निम्म्यावर आणताच कर्कशपणा गेला.

सतत ‘हम्म’ आवाज येत असेल तर?

आपल्याकडील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे. त्याचे चुंबकीय क्षेत्र सिंगल कॉइल पिकअप पकडतो. हंबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असल्याने हा आवाज एकमेकांत विरतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

पण हंबकर अर्थिंगचा दोष दुरुस्त करत नाही. परीक्षा सोपी आहे. बॅटरीवरच्या हेडफोन अँपवर, ट्यूबलाइट आणि चार्जरपासून दूर, तीच गिटार वाजवा. आवाज गेला, तर पिकअपआधी घरातील वीज तपासा. आमच्याकडे आवाज गेला. पडवीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती.

हा मुद्दा आवाजापुरता नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. सॉकेटला अर्थ नसेल आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर विजेचा झटका थेट वादकाच्या बोटांना बसतो. तारा किंवा माइकला स्पर्श करताना मुंग्या आल्या, तर वाजवणे तिथेच थांबवा. दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवू नका. उन्हाळ्यात जमीन सुकली, की अर्थिंगचा रोध वाढतो. वायरमनकडून तो मोजून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का, हेही विचारा.

जास्त किलो-ओहम म्हणजे जास्त दमदार पिकअप?

जाहिरातीत ठळक दिसणारा हा आकडा सर्वाधिक फसवतो. तो कॉइलचा रोध आहे, ताकद नव्हे. स्ट्रॅट प्रकारचा साधा पिकअप साधारण 6 किलो-ओहम, जुन्या धाटणीचा हंबकर साधारण 8 आणि जोरकस हंबकर 14 ते 16 किलो-ओहमचा असतो. वेढे वाढले, की रोध वाढतो, आवाज मोठा होतो आणि वरचे स्वर दबतात, हे खरे. पण वेढे तेवढेच ठेवून अधिक बारीक तार वापरली, तरी आकडा वाढतो. तापमानानेही तो हलतो. 20 अंशांना 8 किलो-ओहम दाखवणारा पिकअप 30 अंशांना सुमारे 8.3 दाखवेल. म्हणून हा आकडा एकाच प्रकारच्या पिकअपची तुलना करण्यापुरताच वापरावा.

मल्टिमीटरचा खरा उपयोग वेगळा आहे. पिकअपच्या दोन वायरींमध्ये रोध अनंत दाखवत असेल, तर कॉइल तुटली आहे आणि पिकअप बदलणे किंवा रिवाइंड करणे भागच आहे. तारा हाताने दाबल्या तरी मोठ्या आवाजात शिट्टी येत राहत असेल, तर कॉइलचे वेढे सैल असू शकतात.

मग निवड कशी करावी?

आपल्याला काय नको आहे, हे आधी एका वाक्यात लिहा. ‘हम नको, पण आवाज साधारण तसाच हवा’ असेल, तर सिंगल कॉइलच्या आकाराचा, एकावर एक कॉइल असलेला स्टॅक पिकअप पाहा. ‘जाड, भरलेला आवाज हवा’ असेल, तर हंबकर किंवा त्याच आकाराचा रेल पिकअप. चुंबकाचाही फरक पडतो. अल्निको 2 तुलनेने मऊ, अल्निको 5 अधिक ठसठशीत. सिरॅमिक चुंबक जोरकस पिकअपमध्ये जास्त दिसतो. सक्रिय पिकअपला 9 व्होल्टची बॅटरी लागते. ती ठेवायला गिटारमध्ये जागा आहे का, ते मागील झाकण उघडून पाहावे.

कोणती मापे घ्यावीत?

- पिकअपच्या वर पहिल्या आणि सहाव्या तारेमधील अंतर : हंबकरमध्ये ते बहुधा 49-50 मिमी किंवा 52-53 मिमी असते.
- खाचेचा आकार : सिंगल कॉइलच्या खाचेत पूर्ण आकाराचा हंबकर लाकूड आणि पिकगार्ड कापल्याशिवाय बसत नाही.
- टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप : तो धातूच्या ब्रिजपट्टीतच बसतो. स्ट्रॅटचा तिथे चालत नाही.
- व्हॉल्यूम नॉबचे मूल्य : सिंगल कॉइलला साधारण 250, तर हंबकरला 500 किलो-ओहम. हंबकरला 250 चा नॉब ठेवला, तर आवाज बुजल्यासारखा वाटू शकतो.

जोडताना चूक कुठे होते?

वायरींच्या रंगांत. प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा असतो. सीमोर डंकनच्या चार वायरींच्या हंबकरमध्ये काळी वायर सिग्नलची, पांढरी आणि लाल एकमेकांना जोडायची, हिरवी आणि उघडी वायर अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी एकमेकांना, हिरवी आणि उघडी अर्थला. यूट्यूबवरचा एका कंपनीचा नकाशा दुसरीला लावला, की पिकअप मुका होतो किंवा आवाज पोकळ येतो. ब्रिज एकटा छान, पण मधल्याबरोबर लावताच नाकातून आल्यासारखा वाटला, तर दोन पिकअपची फेज उलटी आहे. जुनी जोडणी सुटी करण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

हे काम मोबाइल दुरुस्ती करणारा कारागीरही करू शकतो. त्याला फक्त योग्य कंपनीचा नकाशा द्या. पिकअप हातात घेऊन पाहायचा असेल, तर मुंबईत धोबी तलावला किंवा पणजीला वाद्यांच्या दुकानांत आपलीच गिटार घेऊन जावे.

मामेभावाने शेवटी नवा पिकअप घेतला नाही. तारांचा एक संच आणला, वायरमन बोलावून पडवीतले अर्थिंग नीट करून घेतले. सहा महिने वाजवून पाहतो, म्हणाला. तेव्हाही जाड आवाज हवासा वाटला, तर हंबकरसाठी पैसे अजून त्याच्याकडे आहेत.