पेशी मरण विसरतात तेव्हा

चार-पाच वर्षांचे हसतेखेळते मूल मलूल होते. ताप हटत नाही, पाय दुखतात म्हणून ते रात्री रडत उठते, कुठे पडले-झडले नसतानाही अंगावर काळेनिळे डाग उमटतात. घरचे अशक्तपणा समजून टॉनिक आणतात, आजी दृष्ट काढते. मग एक दिवस रक्ताची साधी तपासणी होते आणि डॉक्टर आईवडिलांना आत बोलावून दार लोटून घेतात. रक्ताचा कर्करोग!

मुलांच्या कर्करोगात सर्वाधिक आढळतो तो ल्युकेमिया, आणि त्यातही ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ म्हणजे ए.एल.एल. एके काळी या निदानानंतर मूल काही महिन्यांचेच सोबती असे. 1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध दिलेल्या 16 मुलांपैकी 10 मुलांत सुधारणा दिसल्याचे जाहीर केले. ती सुधारणा तात्पुरती होती, पण वाट सापडली. आज प्रगत देशांत अशी 100 पैकी सुमारे 90 मुले वाचतात.

उरलेल्या दहांचे काय? वय तेच, औषध तेच, तरी एकाचा आजार कायमचा जातो आणि दुसऱ्याचा उलटून येतो. असे का?

गळणाऱ्या पानांसारखे

या कोड्याचा एक धागा पेशींच्या मरणात आहे. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी ठरल्याप्रमाणे, गाजावाजा न करता स्वतःला संपवतात. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी याला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ झाडावरून पाने गळणे. मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीच्या वाढीत 1,090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या 131 मरतात. हे मरण जनुकेच ठरवतात, हे याच कृमीवरून उलगडले आणि 2002 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ब्रेनर, हॉर्व्हिट्झ व सल्स्टन यांना मिळाले.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, अशीच आपली समजूत असते. पण 1988 मध्ये मेलबर्नच्या डेव्हिड व्हॉ, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवले की ‘बीसीएल-2’ हे जनुक पेशींची वाढ करीत नाही, त्यांना मरू देत नाही. जन्मदर तोच, पण मृत्यूच बंद झाला, तर गावाची जी गत होईल तीच रक्ताची!

आणि औषधांचे गणितही इथेच आहे. ल्युकेमियात दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे काही पेशींना जाळणारे विष नव्हे. ते लिम्फोसाइट पेशीतली आत्मनाशाची कळ दाबते. कळ शाबूत असली की पेशी झडतात. म्हणूनच जर्मन डॉक्टरांनी रूढ केलेल्या पद्धतीत आठव्या दिवशी रक्त तपासतात. दर मायक्रोलिटरमध्ये रोगट पेशी 1,000 पेक्षा कमी उरल्या असतील तर ते शुभलक्षण मानतात.

रॉटरडॅमची पाहणी

मग बीसीएल-2 मोजले की भविष्य कळेल, असे वाटणे साहजिकच. पण मुलांच्या ए.एल.एल.मध्ये ते जमले नाही. निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. मरणाचे एकच जनुक नसते, त्यांचे मोठे खटलेच असते. काही ‘मर’ म्हणणारी, काही ‘थांब’ म्हणणारी.

म्हणून नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी 190 मुलांच्या रोगट पेशींत अशी 70 जनुके एकदम तपासली आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. ‘टी’ आणि ‘बी’ प्रकारच्या ए.एल.एल.मध्ये 70 पैकी 44 जनुकांचे वागणे वेगळे निघाले. म्हणजे नाव एक, पण आजार अनेक. ‘बीसीएल-2-एल-13’ हे जनुक जिथे जास्त सक्रिय, तिथे अस्पॅराजिनेज हे औषध कमी चालत होते आणि मुलांची पुढची वाटचालही खडतर ठरत होती. अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाच्या 92 मुलांत कल तोच दिसला, मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला तो केसभर कमी पडला. एवढ्यावर कुणा मुलाचे भाकीत करणे उतावीळपणाचे ठरले असते.

‘पी-53’ या प्रसिद्ध जनुकाचा बिघाड सुरुवातीला थोड्याच मुलांत असतो, आजार उलटल्यावर अधिक दिसतो. ज्या दुर्मीळ प्रकारात रोगट पेशीत 46 ऐवजी 32 ते 39 गुणसूत्रे उरतात, तिथे मात्र तो बहुतेकांत आढळतो, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांत तो जन्मजात असतो. अशा वेळी कुटुंबाचीही तपासणी सुचवली जाते. एरवी हे बदल बहुधा मुलाच्या रक्तपेशींतच पुढे घडलेले असतात. ‘आमचे काय चुकले?’ असे विचारणाऱ्या आईला हे स्पष्ट सांगायला हवे.

आज डॉक्टर वय, पांढऱ्या पेशींची संख्या आणि गुणसूत्रे पाहतात. शिवाय उपचारानंतर 10,000 पेशींत एखादी तरी रोगट पेशी उरली आहे का, हेही शोधतात. मरणाची कळ चालली की नाही, याचा तो थेट पुरावा. बीसीएल-2 ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 2016 मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या एका ल्युकेमियासाठी मंजूर झाले. मुलांच्या ए.एल.एल.वरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

आपल्याकडे मात्र जनुकांइतकाच घात अर्धवट सोडलेले उपचार करतात. पहिल्या महिन्यातच रक्त स्वच्छ दिसते, गळलेले केस पुन्हा येतात, मूल शाळेत जाऊ लागते. गावाहून मुंबईच्या खेपा परवडत नाहीत. मग घरात कुणीतरी म्हणते, ‘आता कशाला त्या गोळ्या?’ नेमक्या त्याच वेळी मरणाला चकवून लपलेल्या मूठभर पेशींसाठी मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज द्यायची असते, दीड-दोन वर्षे.