माठ लाल का?

घाटकोपरला रस्त्यावर आम्ही हा माठ घेतला. लाल का? मातीत लोह असतं. भट्टीत मोकळी हवा मिळाली की ते लाल होतं. हवा कोंडून धूर केला, तर त्याच मातीचं मडकं काळं. तांब्याची झिलई मोकळ्या हवेत हिरवी, हवा तोडली तर लालसुद्धा होते.

आता आमच्या विषयाकडे. भाजतं नेमकं काय? वैशेषिक म्हणत, कच्चा घट परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणू लाल होतात, मग घट पुन्हा जुळतो. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, छे! तोच घट ओळखू येतो की, म्हणजे अख्खा घटच भाजतो. हा पिठरपाक. आम्हाला विचाराल, तर दोघंही अर्धे बरोबर: बदल होतो लोहाच्या अणूंपाशी, पण त्यासाठी घट मोडावा लागत नाही.