साने गुरुजी आणि तमिळ

लोणखेड्याच्या आपल्या शिक्षणसंस्थेला साने गुरुजींचे नाव आहे. पण गुरुजी तमिळ शिकले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते ही भाषा शिकले आणि ‘तिरुक्कुरळ’ त्यांनी मराठीत आणले. त्यात 1330 द्विपदी आहेत. धर्म, अर्थ आणि प्रेम हे त्यांचे विषय. पुढे 1949 च्या पुणे साहित्य संमेलनात गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली: प्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात.

म्हणून मला वाटते, आपल्या वाङ्मयमहोत्सवात एक तास तमिळचा असावा. निवडक द्विपदी तमिळमध्ये व मराठीत वाचाव्यात. दुसरा तास पावरी, भिली, अहिराणी, गुजरीचा असावा. एकाच बाकावर बसणाऱ्याची बोली कळत नसेल, तर आंतरभारती सुरू तरी कोठून व्हायची?